दाढ काढायची म्हणून स्टेंटच्या गोळ्या बंद करायच्या का?

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हा मनगटातून अँजिओप्लास्टी करून औषधाचा एक स्टेंट बसवला. आता दाढ काढायची आहे. दातांच्या दवाखान्यात ‘रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या आठवडाभर बंद करा’ असं सांगितलं. शिवाय स्टेंट सरकेल या धास्तीनं बाबा भाजीची पिशवीसुद्धा उचलत नाहीत. काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : परस्पर एकही गोळी बंद करू नका. आजचीसुद्धा नाही.

स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावरचं औषध आतली पेशींची वाढ रोखतं, म्हणून रक्तवाहिनी पुन्हा सहसा अरुंद होत नाही. पण त्याच औषधामुळे जाळीवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढायलाही वेळ लागतो. तोवर उघड्या धातूला रक्त लागत असतं आणि तिथे गुठळी धरू शकते. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला, त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरांना सतावलं ते या गुठळीनंच. दोन गोळ्यांची जोडी आली तेव्हा कुठे हे उपचार भरवशाचे झाले. अटॅकनंतर ही जोडी साधारण वर्षभर घ्यावी लागते. तुमच्या बाबांचे चारच महिने झालेत. दोन्ही गोळ्या एकदम थांबवल्या आणि जाळीत गुठळी झाली, तर थेट मोठा अटॅक येतो. त्यापुढे दाढेचं रक्त काहीच नाही हो! ते दिसतं, हाताशी असतं. बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. एखादी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात. तातडीची नसेल तर पुढेही ढकलता येते.

स्टेंट मात्र सरकत नाही, बाबांना हे नक्की सांगा. तो बसवताना आतला फुगा १२ ते १६ अ‍ॅटमॉस्फिअर दाबानं फुगवतात. मोटारीच्या टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोनच्या आसपास. इतक्या जोरानं जाळी भिंतीत रुतते, वर अस्तर चढतं. पिशवीच्या ओझ्यानं ती हलणार नाही. चालताना छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर भाजी खुशाल आणू दे. जास्त वजन मात्र तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, हळूहळू.

दाढेसाठी जाताना डिस्चार्जचा कागद आणि स्टेंटचं कार्ड सोबत न्या आणि दातांच्या डॉक्टरांना तिथूनच हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलायला सांगा.