देश सोडून आपल्याच सरकारला जाब विचारणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं? बाहेर बसून काही साधतं का?

मी कार्यकर्ता नाही, हिशेबनीस आहे. पण काही वर्षं नैरोबीत नोकरी केली, तेव्हापासून जॉन गिथोंगो हे नाव डोक्यातून जात नाही. त्यांच्यावरूनच सांगतो.

केनियात लाचेला 'चाय' म्हणतात आणि सत्ता आली की 'आता आमची खायची पाळी'. आपलं चहापाणी नि पैसे खाणं आठवतंच! २००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी गिथोंगोंना हे खाणं थांबवायला सचिव नेमलं. पुढच्याच वर्षी 'अँग्लो लीझिंग' घोटाळा बाहेर आला. पासपोर्ट यंत्रणेचं साठ लाख युरोंचं काम तीन कोटींना, तेही फक्त कागदावर असलेल्या कंपनीला. बोभाटा झाल्यावर काही पैसे गुपचूप परत आले, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आमच्या धंद्यात अशी नोंद दिसली की घाम फुटतो.

गिथोंगो अंगावर रेकॉर्डर लपवून मंत्र्यांशी बोलू लागले, रोज वहीत टिपणं काढू लागले. तपास सैल सोडा, तुमच्या वडिलांच्या कर्जाचं प्रकरण मिटेल, असं एका मंत्र्याने सुचवल्याचा त्यांचा आरोप आहे. म्हणजे धमकी नाही, आरडाओरडा नाही, घरातली दुखरी नस तेवढी दाबायची. फेब्रुवारी २००५ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथूनच राजीनामा पाठवला. सुरुवातीला एका पत्रकार मैत्रिणीच्या घरी राहिले, मग ऑक्सफर्डला.

साधलं का? माझ्या मते जे साधलं ते टेप आणि वह्यांमुळे. नुसती भाषणं केली असती तर सहा महिन्यांत विसरले असते लोक. २००६ च्या सुरुवातीला त्यांचा अहवाल वर्तमानपत्रात आला, अर्थमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं, केनियाच्या संसदेची लोकलेखा समिती साक्ष घ्यायला लंडनला गेली. एवढं घरी बसून झालं नसतं.

पण पायउतार झालेले मंत्री दीड वर्षाच्या आत मंत्रिमंडळात परतले. गिथोंगो २००८ मध्ये मायदेशी आले. २०१४ मध्ये परदेशी कोर्टांत हरल्यामुळे सरकारने याच प्रकरणाशी जोडलेल्या कंपन्यांना सुमारे १४० कोटी शिलिंग मोजले. आणि २०१९ मध्ये अहवालात नाव आलेल्या एका माजी मंत्र्याच्या अब्रूनुकसानीच्या दाव्यात नैरोबीच्या उच्च न्यायालयाने भरपाई द्यायला सांगितली, ती गिथोंगोंना.