‘तुम्ही नक्की कोणाचे?’ या प्रश्नाने झोप उडालेल्यांसाठी

गेल्या तीन-चार वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या माणसांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली आहे. झोप लागत नाही, नातेवाइकांकडे जायला नको वाटते, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला की धडधडते, असे सांगत माणूस बोलायला लागतो आणि बऱ्याच वेळाने मूळ गोष्टीवर येतो. कोणीतरी त्याला ‘तुम्ही नक्की कोणाचे?’ असे विचारलेले असते आणि त्याला उत्तर देता आलेले नसते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले. त्यात कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हा या लेखाचा विषय नाही. माझ्यासमोर बसलेल्या माणसांचे काय झाले, तेवढेच मला सांगायचे आहे. ‘आम्ही पहिल्यापासून सेनेचे’ किंवा ‘आम्ही साहेबांची माणसे’ हे वाक्य ज्यांनी वर्षानुवर्षे निःशंकपणे उच्चारले होते, त्यांच्यापैकी कित्येकांना आपल्या या उत्तराकडे आयुष्यात प्रथमच वळून पाहावे लागले.

माणसे आपली राजकीय ओळख कशी सांगतात, हे मी गेली अनेक वर्षे लक्षपूर्वक ऐकत आले आहे. ‘आमचे घर संघाचे’ असे म्हणणारा माणूस घरातले संस्कार सांगत असतो. ‘आम्ही साहेबांची माणसे’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा कृतज्ञता असते. कोणीतरी अडल्या वेळी मुलाचा प्रवेश करून दिलेला असतो किंवा रुग्णालयात खाट मिळवून दिलेली असते. ‘मी विचाराने समाजवादी’ म्हणणारा आपल्याला समाज कसा हवा आहे ते सांगतो, आणि ‘मी उमेदवार बघून मत देतो’ म्हणणारा मतदान केंद्रातल्या त्या अर्ध्या मिनिटाबद्दल बोलत असतो. घर, ऋण, विचार आणि मत या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच माणसाच्या बाबतीत त्या चार दिशांना तोंड करून उभ्या असू शकतात. जोपर्यंत त्या एका रेषेत असतात तोपर्यंत त्या वेगळ्या आहेत हे लक्षातही येत नाही. रेषा मोडली की माणसाला वाटते, आपणच मोडलो.

एका शिक्षिकेची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांचे माहेर अलिबाग तालुक्यात, चरीच्या परिसरात. खोतांच्या जाचाविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे तेथील कुळांनी जमीन कसायचेच नाकारले, तो संप त्यांच्या आजोबांनी अनुभवला होता. शेतकरी कामगार पक्ष स्थापन झाल्यावर घरावर जो लाल बावटा लागला, तो वडिलांच्या शेवटच्या दिवसापर्यंत उतरला नाही. सासर महाडकडचे. सासरे मुंबईत गिरणी कामगार होते आणि १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाली तेव्हापासून शाखेत जाणारे. लग्नानंतर घराची ओळख तीच सुनेची ओळख झाली, आणि बाईंनाही त्यात काही अडचण वाटली नाही. फुटीनंतर मात्र त्यांचे यजमान एका बाजूला गेले आणि धाकटे दीर दुसऱ्या. गौरीगणपतीला सगळे गावच्या घरी जमले असताना, भरल्या पंगतीत दिरांनी विचारले, ‘वहिनी, तुम्ही तरी सांगा, तुम्ही आमच्या की दादाच्या?’ बाई वाढता वाढता थांबल्या आणि भाताचे पातेले घेऊन तशाच आत निघून गेल्या. नंतर एकदा, नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलाने शांतपणे विचारले, ‘आई, तू खरं काय मानतेस?’ दिरांच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न त्यांना अधिक लागला होता.

‘मॅडम, मी दुटप्पी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सासरी मी शिवसेनेची, माहेरी गेले की लाल बावट्याची आणि शाळेत कोणी विचारलं तर म्हणते, आम्हाला राजकारण नाही. मुलांना खरं बोलायला शिकवते आणि स्वतः हे असं.’

‘या तीनपैकी कुठे खोटं बोललात?’

त्यांनी बराच विचार केला. ‘खोटं म्हणता येणार नाही. पण पूर्ण खरंही नाही ते.’

‘पूर्ण खरं सांगायला किती वाक्यं लागतील?’

‘एकाच वाक्यात सांगता यायला हवं ना? लोक सांगतातच की.’

या ‘यायला हवं’मध्येच त्यांच्या दुःखाचे मूळ होते, असे मला तेव्हाच जाणवले. प्रामाणिक माणसाची राजकीय ओळख एकाच वाक्यात मावली पाहिजे, ती सगळीकडे सारखीच असली पाहिजे आणि ती बदलता कामा नये, अशा तीन अटी त्यांनी स्वतःवर घालून घेतल्या होत्या, आणि त्या पुऱ्या होत नाहीत म्हणून स्वतःला गुन्हेगार ठरवून टाकले होते. हे मी त्यांना लगेच सांगितले नाही. समोरच्याचा तर्क आपण आयता करून दिला तर तो पटतो, पण रुजत नाही. मी त्यांना इतकेच सुचवले की, घरी बसून, वाक्यांची मर्यादा न ठेवता पूर्ण खरे लिहून काढा. मला दाखवायची गरज नाही.

त्यांनी ते लिहिले, पण चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला दिसत नव्हता. काही भेटी अशाच गेल्या. अखेर एकदा त्या म्हणाल्या, ‘लिहिताना सारखे बाबा समोर येतात. ते आयुष्यभर एका झेंड्याखाली राहिले. त्यांनी मला काय म्हटलं असतं?’

‘बाबा कधीच दुसरीकडे गेले नाहीत?’

‘कधीच नाही,’ असे म्हणून त्या थांबल्या, आणि मग खूप सावकाश बोलू लागल्या. त्या लहान असताना एका पावसाळ्यात उधाणाने खारभूमीच्या बांधाला खांड, म्हणजे मोठे भगदाड, गेली होती. खारे पाणी भातशेतीत शिरले की पुढची काही वर्षे पीक नीट येत नाही, त्यामुळे पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवणे हाच गावाचा एकमेव प्रश्न होता. त्या वेळी विरोधी पक्षाचा एक माणूस घरोघर फिरला, त्याने माणसे गोळा केली आणि स्वतः कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला. पुढे ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा बाबांनी त्याच्या पॅनेलचा प्रचार केला आणि त्यानंतर विधानसभेला ते पुन्हा लाल बावट्याच्या मिरवणुकीत पुढे होते.

‘गावात कोणी त्यांना गद्दार म्हटलं?’

‘म्हटलं असेल. पण बाबांनी त्याचा त्रास करून घेतलेला मला आठवत नाही.’ मग माझ्याकडे पाहत, जणू मलाच समजावत असल्याप्रमाणे त्या म्हणाल्या, ‘बाबांनी त्या वर्षी बांधाला मत दिलं, मॅडम.’

समुपदेशनाच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि ते आले की आपण गप्प राहायचे असते. मीही काही बोलले नाही. त्यांनीच पुढे सगळे जुळवले: बाबांचे घर लाल बावट्याचे होते, विचारही तोच होता, ऋण त्या माणसाचे होते आणि त्या एका निवडणुकीतले मत त्या ऋणाला जागणारे होते. चारही गोष्टी खऱ्या होत्या आणि बाबा एकच होते. ज्या बाबांच्या भीतीने त्या स्वतःला दोषी ठरवत होत्या, त्यांनीच त्यांची सुटका केली. मी केवळ योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला होता, आणि त्याचे समाधान मला आजही वाटते.

माझ्या कामावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा संस्कार आहे. माणसाच्या एखाद्या कृतीचे मूल्यमापन जरूर करावे, परंतु त्यावरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नयेत, हे त्यांचे सूत्र मला राजकीय ओळखीच्या बाबतीत विशेष उपयोगी वाटते. ‘मी गेल्या वेळी अमुक पक्षाला मत दिले’ हे कृतीचे वर्णन आहे; त्याबद्दल समाधान वाटू शकते, पश्चात्ताप वाटू शकतो, पुढच्या वेळी निर्णय बदलता येतो. ‘मी गद्दार आहे’ हे मात्र स्वतःवरच मारलेले शिक्कामोर्तब आहे, आणि ते एकदा झाले की विचार करण्याची वाटच खुंटते.

ज्यांना ही चिंता छळते त्यांना मी सांगते, की उत्तर देण्यापूर्वी समोरच्याने वरील चारपैकी नेमके काय विचारले आहे ते ओळखावे. पंगतीत दीर जेव्हा विचारतो तेव्हा त्याला बहुधा मत जाणून घ्यायचे नसते; भांडणात तू माझ्याबरोबर आहेस का, हे त्याला हवे असते, आणि त्याचे उत्तर राजकारणात नसून नात्यात आहे. मुलगा विचारतो तेव्हा त्याला विचार हवा असतो, आणि तेथे टाळाटाळ करू नये. त्याला पक्षाचे नाव सांगण्यापेक्षा आपण कशाच्या आधारे ठरवतो, पूर्वी काय मानत होतो आणि ते कशामुळे बदलले, हे सांगितल्यास त्याला स्वतःचे मत घडवायला जागा मिळते. मताबद्दल तर कोणालाही उत्तर द्यायला आपण बांधील नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ९४ नुसार आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातील साक्षीदारावरही करता येत नाही. मग ती नणंद, शेजारी किंवा मुख्याध्यापक कशी करू शकतील? न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मोठे अंतर आहे, आणि ‘ते मी सांगत नाही’ हे पूर्णपणे प्रामाणिक वाक्य आहे.

तरुण मुले पुष्कळदा ‘मी न्यूट्रल’ म्हणून मोकळी होतात. त्यांतील काहींचा विचार खरोखरच चालू असतो, आणि त्यांना घाई करू नये. परंतु काहींच्या बाबतीत ती केवळ वाद टाळण्याची युक्ती असते, आणि ती युक्ती हळूहळू सवय बनते. अशा मुलांना मी पाणी, शिक्षण, शेतमालाचा भाव, आरक्षण यांपैकी कोणत्याही एका प्रश्नावर आपले मत मांडायला सांगते. पक्षाचे नाव घेण्याची अट काढली की बहुतेकांजवळ ठाम मते निघतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटच्या भेटींपैकी एका भेटीत बाईंनी स्वतःहून टपाली मतदानाचा विषय काढला. निवडणुकीच्या कामावर असल्यामुळे त्यांना स्वतःचे मत टपाली मतपत्रिकेने द्यावे लागते. प्रतिज्ञापत्रावर सही करून ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची, मतपत्रिका लहान पाकिटात बंद करायची आणि ते पाकीट व प्रतिज्ञापत्र दोन्ही मोठ्या पाकिटात घालायचे. ‘इतकी वर्षं हे करते आहे, पण लक्षात आलं नव्हतं. माझी सही वेगळ्या कागदावर आणि माझं मत बंद पाकिटात. मी कोण आहे हे सरकार विचारतं, पण मत कोणाला दिलं हे नाही विचारत,’ त्या म्हणाल्या. मी त्यांना त्यांचे मत कधीच विचारले नाही आणि ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या गणपतीत दिरांनी तोच विषय काढला तेव्हा त्यांनी सांगितले, ‘भावोजी, तुमच्या दोघांच्या भांडणात मी कोणाचीच नाही, आणि मत माझं मी देते.’ दीर नाराज झाले. दोघा भावांचे बोलणे अजूनही जेमतेमच आहे, आणि ते जुळवणे आपल्या हातात नाही, हे बाईंनी मान्य केले आहे. मुलाबरोबर मात्र त्या एका संध्याकाळी दोन तास बोलल्या. चरीचा संप, सासऱ्यांची गिरणी, बाबांचा बांध आणि स्वतःची बदललेली मते, असे सगळे त्यांनी त्याला सांगितले. त्याला त्यांची सगळीच मते पटली नाहीत. मतदार नोंदणीचा सहा क्रमांकाचा अर्ज मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी भरला.