फिजिक्स, पेपर काढणं आणि आता थिऑलॉजी?

प्रश्न: मी १४ वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, मग परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेत प्रश्न काढायचं काम केलं, आता थिऑलॉजीचा, म्हणजे धर्मशास्त्राचा कोर्स करायचाय. घरचे म्हणतात एक ना धड भाराभर चिंध्या. असं आधी कोणी केलंय का हो?
– एक वाचक, वसई

उत्तर: केलंय की ताई, आणि दोनशे वर्षांपूर्वी. इंग्लंडचे रेव्हरंड जॉर्ज फिशर. केंब्रिजला शिकत असतानाच १८१८ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर खगोलशास्त्रज्ञ म्हणून गेले, जहाजातल्या लोखंडामुळे क्रोनोमीटर (समुद्रावर अचूक वेळ दाखवणारी घड्याळं) कसे चुकतात त्यावर निबंध लिहिला. पुढे दीक्षा घेतली आणि १८२१ ते १८२३ पॅरी या दर्यावर्दी संशोधकासोबत परत आर्क्टिकला, या वेळी चॅप्लेन (जहाजावरचे धर्मगुरू) पण आणि खगोलशास्त्रज्ञ पण, दोन्ही कामं एकाच माणसाकडे!

१८३४ ला ते ग्रिनिच हॉस्पिटल स्कूलचे हेडमास्तर झाले. तिथं नौदलातल्या लोकांची मुलं शिकायची, त्यांच्यासाठी वेधशाळा उभारली, बीजगणित-भूमितीची पुस्तकं लिहिली. आणि तुमच्या कामाचं म्हणजे तिथलं 'स्केल बुक'. प्रत्येक विषयाला १ ते ५ आकडे, १ सगळ्यात चांगला, मधे पाव-पाव चे टप्पे. मला सगळ्यात आवडतं ते हस्ताक्षराचं, वहीत नमुने क्रमाने लावलेले, मुलाचं अक्षर त्यांच्या शेजारी धरायचं आणि ज्याच्याशी जुळेल तो आकडा द्यायचा, म्हणजे तपासणारा मास्तर बदलला तरी मोजपट्टी तीच. शुद्धलेखनाला डिक्टेशनमधल्या चुका मोजायच्या. त्याच वहीत गणित, नौकानयन, विज्ञान आणि बायबलचं ज्ञानसुद्धा, त्यालाही नमुन्याचे प्रश्न. १८६४ ला एडविन चॅडविक या इंग्रज समाजसुधारकांनी एका त्रैमासिकात हे सगळं छापलं, पण तेव्हा फारसं कोणी उचललं नाही, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकची हस्ताक्षराची मोजपट्टी आली ती थेट १९१० मध्ये.

बघा ना, बायबलची माहिती किती ते त्यांनी मोजलं, श्रद्धेला आकडा दिला नाही. माहिती कुठं संपते नि समज कुठं सुरू होते हे प्रश्न काढणाऱ्याला रोज ठरवावं लागतं, तुम्ही ते वर्षानुवर्षं केलंय, तेव्हा थिऑलॉजीत तुम्ही कोऱ्या पाटीने जात नाही आहात. घरच्यांना फिशरांची गोष्ट सांगा आणि फॉर्म भरा. तिथल्या पहिल्या पेपरला कसले प्रश्न आले ते मात्र मला नक्की कळवा.