भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यात होडीतून काढलेले रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो हललेले येतात. ट्रायपॉड नेऊ का?

नको, ट्रायपॉड घरीच ठेवा आणि शटर स्पीड १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. होडीत ट्रायपॉडचे पाय इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचवतात. कॅमेरा हातात असला की कोपर, खांदे आणि कंबर ती बरीचशी पचवतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हाताचं कंपन कमी करतं, पण उडत्या पक्ष्याची हालचाल त्याने थांबत नाही. मॅन्युअल मोडमध्ये अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६ ते ६.३ ठेवून आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवर टाका. थोडा नॉइज (दाणेदारपणा) आला तरी चालेल, तो नंतर कमी करता येतो. हललेला फोटो सुधारत नाही. मागे गडद पाणी असेल तर पांढरट पिसांचा तपशील जळतो (नुसता पांढरा दिसतो), तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करणारं सेटिंग) उणे ०.७ पर्यंत खाली घ्या. उजनीच्या पाण्यावर मी बरेच हिवाळे फोटो काढतोय, आणि माझ्या मते सेटिंगपेक्षा जास्त फरक नावाड्यामुळे पडतो. सूर्य आपल्या पाठीशी येईल अशी होडी लांबूनच वळवायला सांगा, मग इंजिन बंद करून ती आपसूक वाहू द्या. चरणारा थवा माना वर काढून बघायला लागला की तिथेच थांबायचं. उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायला नावाड्याला कधीही सांगू नका. पोट भरायला आलेल्या पक्ष्यांची ताकद त्यात फुकट जाते. १/२००० च्या शटर स्पीडला अपवाद एकच: पहाटेच्या कमी उजेडात, इंजिन बंद असताना, स्थिर उभ्या पक्ष्याला १/५०० सुद्धा पुरतो.