घरफोड्या थांबवायला आधी कॅमेरा की आधी शेजारी?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दिवाळीनंतर गावात लागोपाठ घरं फुटली, पोरांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली, ती आठवड्यात बंद पडली, आणि आता ग्रामपंचायतीत कॅमेऱ्यांची चर्चा चालू आहे. त्यात पैसा घालावा का, आणि चोर हाती लागलाच तर कायद्यानं आपल्याला काय करता येतं, असं तुम्ही विचारलंय. वावरातल्या मोटारीच्या केबलचोरीचंही विचारलंय, ते शेवटी घेतो.

कॅमेरा बसवा, पण सगळ्यात शेवटी. तो कामाला येतो चोर निघून गेल्यावर. चोर गावात असताना कामाला येतात माणसं, तीही कोणी कुठं जायचं हे ज्यांना माहीत आहे अशी.

तुमची गस्त बंद पडली यात पोरांचा दोष नाही. दिवसभर कापूस वेचायचा, रात्री शिट्ट्या वाजवत फिरायचं, हे किती दिवस चालणार? आणि शिट्टीवाली गस्त चोराला सोयीचीच असते. खालच्या आळीत शिट्टी वाजली की वरची आळी मोकळी, हे त्याला फुकटात कळतं. तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस त्याला पाठ असतात. कापसा-सोयाबीनचा पैसा घरात आलेला, लग्नांमुळे घरं कुलपात, आणि हरभऱ्या-तुरीत रानडुकरं, रोही (नीलगाई) शिरतात म्हणून अर्धे गडी जागलीला वावरात. गावात उरतात म्हातारे, बाया, लेकरं. आपल्याला ही गावाची उणीव वाटते. आमच्या गावानं नेमकी हीच गोष्ट चोरावर उलटवली, म्हणून तो किस्सा जरा सविस्तर सांगतो.

आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. थंडीचे दिवस. एक घर लग्नासाठी अकोल्याला गेलेलं, ओसरीवरचा बल्ब रात्रभर चालू ठेवून. शेजारच्या आजीची गाय आज-उद्या व्यायची होती, म्हणून म्हातारी गाईच्या कोठ्यात खाट टाकून निजली होती. मध्यरात्रीनंतर ती गाय पाहायला उठली आणि तिच्या ध्यानात आलं की शेजारच्या ओसरीवर अंधार आहे. लाईन गेली म्हणावं तर देवळावरचा दिवा चालू, रस्त्यावरचा चालू. ती स्वतःच्या दाराशी गेली, तर दाराला बाहेरून कडी. सून आणि नातवंडं आत, आणि कडी बाहेरून! पलीकडच्या दारालाही तसंच.

घरफोडे हे हमखास करतात. आजूबाजूच्या दारांना आधी बाहेरून कड्या घालतात, म्हणजे आरडाओरड झाली तरी मदतीला कोणी बाहेर पडू नये. कोठ्यात कोणी निजलं असेल हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं. आजीनं कडी आवाज न करता काढली, सुनेला हलवलं आणि पहिलं वाक्य म्हणाली, "बोंबलू नोको. तो आतमंदीच हाय."

माझ्या मते ती रात्र या एका वाक्यावर जिंकली. त्याच क्षणी ओरडा झाला असता तर चोर दोन उड्यांत गावाबाहेर गेला असता, आणि आपण सकाळी तुटलेला कोयंडा पाहत बसलो असतो.

सुनेनं पहिला फोन लावला नवऱ्याला. तो वावरात मचाणावर, जागाच. गावात गाढ झोपलेल्या दहा जणांना उठवण्यापेक्षा शिवारात जागे असलेले चार जण लवकर हलतात. त्यानं आजूबाजूच्या जागल्यांना फोन केले, बॅटऱ्या विझवून ते तीन बाजूंनी धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, गावाकडे निघाले. म्हणजे वेढा बाहेरून आत येत होता, आणि चोराचे कान होते गावातल्या आवाजाकडे. दुसरा फोन पोलीस पाटलांना. त्यांनी आधी ११२ लावला आणि मगच अंगात स्वेटर घातलं. तिसरा फोन फाट्याजवळच्या घरी: रस्त्यावर कोणाची गाडी उभी आहे का पाहा.

तोवर सासू-सुनांनी आणखी एक काम उरकलं. फुटलेल्या घराचं दार जुनं, दोन फळ्यांचं, आत उघडणारं. कोयंडा तुटला होता, पण दोन्ही फळ्यांच्या लोखंडी कड्या शाबूत होत्या. आजीनं गाईचं दावं आणलं, सुनेनं ते दोन्ही कड्यांतून ओवून करकचून बांधलं. आत माजघरात मोबाईलचा उजेड हलत होता, कपाटावर टॉमी (लोखंडी पहार) घातल्याचा आवाज येत होता, त्या आवाजात यांची खुडबूड दबली. गाठ मारून दोघी परत आपल्या कोठ्यात. ज्यानं शेजाऱ्यांना कोंडलं होतं, तो आता स्वतः कोंडला होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

फाट्यावर खरंच एक मोटारसायकल उभी होती, अंधारात, आणि तिच्याजवळ एक पोरगा. त्याला संशय आला असता तर आतल्याला फोन गेला असता. तिथं गेले आमचे आबाजी. एसटीत आयुष्यभर कंडक्टरकी केलेला माणूस, उतारूला बोलतं करणं त्यांच्या हाडात मुरलेलं. खाकरत, चप्पल फरफटत ते गेले आणि म्हणाले, "खर्रा हाय का बाप्पा?"

पोरानं मुकाट तंबाखू-सुपारीचा खर्रा काढून दिला. आबाजींनी तो हातावर घेतला, घोळवला, तोंडात टाकला. मग चौकशी.

"कोन्या गावचे पावने?"

"पेट्रोल सरलं बुवा. दोस्त आनाले गेला."

"मंग अंधारात काहून उभा हायेस? माह्या पोराची गाडी हाय घरी. बाटलीभर काढून देतो. चाल, ढकल."

"नाई, दोस्त येईनच ना आता."

"येईन तवा येईन. थंडी पाय किती हाय. धर हँडल, मी मांगून लावतो हात."

आता तो काय करणार? गाडी चालू करावी तर थाप उघडी पडते. पळावं तर गाडी जाते. आपल्याच थापेत अडकून तो पोरगा पेट्रोलनं भरलेली गाडी ढकलत थेट चौकात आला. चौकात पाच-सहा जण शेकोटी पेटवून बसले होते, जणू रोजचेच. "या बसा, शेका जरा," म्हणून त्यांनी त्याला मधोमध बसवलं, आणि एकानं गप्पा मारता मारता गाडीची चाबी काढून घेतली. फोनही "चार्जिंग पायतो" म्हणून घेतला. हे आबाजी आजही हसू न दाखवता सांगतात, म्हणून जास्त हसू येतं.

मग पाटलांनी देवळाचा भोंगा चालू केला. शिवी नाही, धमकी नाही. "घरात आलेल्या पाहुण्यांना सूचना. दार बाहेरून बांधलं आहे. मागच्या दारी बैलबंडी लावली आहे. पोलिसांची गाडी निघाली आहे. कोणी अंगाला हात लावणार नाही, जागेवर बसून राहावं." सारं गाव एकदम जागं झालं, प्रत्येक ओसरीवर दिवा लागला. पाहुणा काही बसला नाही. छपराची कवेलू सारून वर चढला, मागच्या परसात उडी टाकली आणि अंधार दिसला तिकडे पळाला. तिकडे गव्हाचं वावर. शेतीपंपाची लाईन रात्रीची असल्यानं संध्याकाळपासून पाणी सोडलेलं. काळी माती भिजली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. चार पावलांत पोटऱ्यांपर्यंत रुतला, बूट आत राहिले. धुऱ्यावर फावडं घेऊन उभा असलेला ओलीतवाला त्याला शांतपणे म्हणाला, "तिकडं नोको जाऊ, तिकडं अजून जास्त भिजलं हाय."

त्याला बाहेर काढायला दोर टाकावा लागला.

इथवर सगळं गमतीचं. पुढचा अर्धा तास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तुमचा कायद्याचा प्रश्नही तिथलाच. पकडलेला माणूस समोर, पोरांच्या हातात काठ्या, अंगात थंडी आणि राग. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की शाळेच्या वऱ्हांड्यात आणखी लोक झोपलेत, तेही यांचेच. ते होते मेळघाटातून संत्रा तोडायला आलेले कोरकू मजूर, बायका-लेकरांसह. दोन पोरं तिकडे धावलीसुद्धा. आजी आडवी झाली: "ते माह्या वावरात कामाले हायेत. त्यायले हात लावसान तं आधी मले लावा." विषय तिथंच संपला, पण संपला नसता तर? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच भटक्या माणसांचा जीव घेतला होता. भिक्षा मागत फिरणारे निरपराध लोक होते ते. गावं जागी राहायला लागली की परका माणूस, त्यातही पारधी किंवा भटका, पहिला संशयित ठरतो. काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1952 ला गेला, नजर गेली नाही. गावाच्या पहिल्याच बैठकीत हे बोलून घ्या. संशय म्हणजे विचारपूस, एवढंच. गावात मजूर कोणाकडे उतरलेत याची वही पाटलांकडे असली तर रात्री घोटाळा होत नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा घडत असेल तर सामान्य माणूसही गुन्हेगाराला पकडू शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 40 मध्ये हे आहे, आणि जुन्या कायद्यात नसलेली एक अट आहे: विनाकारण उशीर न करता आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. रात्रीची घरफोडी या नियमात बसते. नंतर मारणं, खांबाला बांधून व्हिडिओ काढणं, हे बसत नाही. त्यात पकडणाराच आरोपी होतो.

फुटलेल्या घरात पोलीस येईपर्यंत कोणाला जाऊ देऊ नका. आमच्या पाटलांनी ओसरीसमोर बंडी आडवी लावून घरमालकाच्या सख्ख्या भावालाही बाहेर ठेवलं, लोक चिडले, पण टॉमी आणि कपाट जसंच्या तसं पंचनाम्यात आलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या. दागिने सापडले तरी लगेच हातात येत नाहीत, कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करू असं लिहून देऊन, सोडवावे लागतात, आणि तेव्हा पावती किंवा घालून काढलेला फोटो मागतात. आपल्याकडे सोनाराची पावती बरणीत ठेवून बरणीच हरवतात. आजच मोबाईलमध्ये फोटो काढा, आणि ते गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.

आता तुमच्या गावात काय करता येईल. गस्त सोडा, आळीनिहाय फोनसाखळी करा: एकानं दोघांना फोन करायचा, त्या दोघांनी पुढच्या दोघांना. व्हॉट्सॲप ग्रुप रात्री कोणी पाहत नाही, फोन वाजला पाहिजे. महाराष्ट्रात काही भागांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते, एका क्रमांकावर बोललेला निरोप गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाईलवर कॉल होऊन ऐकू येतो. तुमच्याकडे ती आहे का हे ठाण्यात विचारा. साखळीत जागलीवाले आणि बचत गटाच्या बाया आधी घ्या. गावात कोणाच्या घरी काय नेहमीचं आहे हे बायांना गड्यांपेक्षा दहापट जास्त माहीत असतं, आणि चोर पकडायला दुसरं काही लागत नाही. फाटा कोण पाहणार, पांदणीच्या तोंडाशी कोण, भोंगा कोणाच्या हातात, हे नावानिशी ठरवा. भोंगा सगळ्यात शेवटी, वाटा बंद झाल्यावर. एकटी बाई घरात असेल, चोर तिच्याच दारात असेल, तर मात्र हे सगळं विसरा आणि जमेल तेवढा आरडाओरडा करा. तिथं चोर पळाला तर पळू द्या.

परगावी जाताना दिवा चालू ठेवून उपयोग तेव्हाच, जेव्हा शेजाऱ्याला सांगितलेलं असतं की दिवा चालू राहणार आहे. आम्ही ते आता न चुकता सांगतो.

कॅमेरा घेतलाच तर चौकात मिरवायला लावू नका. फाट्यावर लावा, गाडीचा नंबर दिसेल एवढ्या उंचीवर, आणि त्याला इन्व्हर्टर द्या. रेकॉर्डिंगचा डबा पंचायतीच्या कुलपात ठेवू नका, चोर तो डबाच उचलून नेतात.

केबलचं दुखणं वेगळं. तिथं माणूस जागेवर नसतो, म्हणून विहिरीपासून मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपर्यंतची केबल जमिनीत गाडा. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची घातली तर चोराला रस राहत नाही, आमच्याकडे बऱ्याच जणांनी तेच केलं. तांबं काढायला चोर वरचं आवरण जाळतात, बहुतेक नाल्यात, पहाटेच्या आधी. जागलीवाल्यांना एवढंच सांगून ठेवा: रबर जळल्याचा वास आला की एकट्यानं तिकडे जायचं नाही, साखळी फिरवायची, आणि नाल्याची दोन्ही तोंडं धरायची.