गाडीचा इंडिकेटर स्विच खराब झाला आहे, तो घरी बदलता येतो का?

हो, बऱ्याच गाड्यांत घरी बदलता येतो, पण आधी दोष खरंच स्विचमध्ये आहे का ते तपासा. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि चांगला स्विच विनाकारण बदललेला बऱ्याचदा पाहतो. हॅझर्डचं बटण दाबल्यावर सगळे इंडिकेटर नीट लुकलुकतात, पण दांडी वरखाली केल्यावर एक बाजू लागत नाही, किंवा दांडी किंचित हलवली की दिवा येतो-जातो, तर संशय स्विचवर. एकच बाजू भराभर लुकलुकत असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो. फ्यूजही बघून घ्या.

बदलताना इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टिअरिंगखालच्या प्लास्टिक कव्हरचे स्क्रू काढले की स्विच दिसतो. अनेकदा तो दोन-तीन स्क्रूंवर किंवा खटक्यावर बसवलेला असतो आणि बाजूने सरकून बाहेर येतो. कनेक्टरचं लॉक दाबून तो सोडवा, वायर धरून ओढू नका. नव्या स्विचच्या पिना जुन्याशी ताडून मगच बसवा.

मात्र तुमच्या गाडीत स्टिअरिंग व्हील उतरवावं लागत असेल आणि त्यात एअरबॅग असेल, तर काम मेकॅनिककडेच द्या. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ चार्ज राहतो. शिवाय व्हीलमागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅग आणि हॉर्नला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी) मधल्या स्थितीतून फिरली, तर पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवताना ती तुटू शकते.