भांडण दोघांचं, हसणारे सात

"मॅडम, या सोशल मीडियाने समाजाचं वाटोळं केलंय की नाही, तुम्हीच सांगा."

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. आई मुलाबद्दल विचारते, बायको नवऱ्याबद्दल, शिक्षक विद्यार्थ्यांबद्दल. स्वतःबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. पूर्वी मी नफ्यातोट्याची दोन्ही बाजूंनी मांडणी करून उत्तर द्यायचे. आता विचारते, "तुमच्या घरात काय झालं?"

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. साठीच्या आतबाहेरचे, शिस्तीचे, वाचन चांगलं. झोप उडाली होती, चिडचिड वाढली होती, म्हणून पत्नीने आग्रहाने पाठवलं होतं. समाजमाध्यमांच्या दुष्परिणामांवरचे लेख त्यांनी फोनमध्ये साठवून ठेवले होते आणि रोज रात्री ते ओळखीच्या सगळ्यांना फॉरवर्ड करत होते. मी हसू आवरलं.

त्यांचे सगळेच मुद्दे चुकीचे नव्हते. ट्विटरवर खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा जास्त वेगाने आणि जास्त दूर पसरतात, हे 2018 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, आणि त्या पसरवण्यात यंत्रांपेक्षा माणसांचाच हात मोठा होता. मी म्हटलं, हे खरं आहे. मग दुसरी बाजूही सांगितली. त्याच वर्षी अमेरिकेत निवडणुकीच्या आधी काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावून संशोधकांनी पाहिलं. त्या लोकांचं मन थोडं स्वस्थ झालं, राजकीय मतांमधली दरी थोडी कमी झाली, पण चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. म्हणजे माणसं जरा सुखी झाली आणि जरा बेखबरही.

"म्हणजे माझं बरोबरच आहे."

"अर्धं."

हे त्यांना मुळीच आवडलं नाही. पुढचे काही आठवडे आम्ही समाजावरच बोलत राहिलो. मी बोलू दिलं. माणूस जगाबद्दल तावातावाने बोलत असतो तेव्हा त्याला थांबवू नये, जग संपलं की तो आपोआप घराकडे वळतो, असा माझा अनुभव आहे. तसंच झालं. एके दिवशी मी सहज विचारलं, "अलीकडे कोणाशी बिनसलं?"

धाकट्या भावाशी. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. भावाने एक राजकीय मजकूर टाकला, यांनी लिहिलं, 'अभ्यास करून बोलावं.' भावाने उत्तर दिलं, 'दादा, तुझं वय झालं, आता तू फक्त ऐकत जा.' हे ग्रुपमधून बाहेर पडले. त्यानंतर दोघांत बोलणं नाही.

"हेच वाक्य तो घरी, तुमच्या शेजारी बसून म्हणाला असता तर?"

"तर पाठीत एक धपाटा घातला असता त्याच्या," ते म्हणाले, आणि आमच्या ओळखीत पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले.

मी गप्प राहिले. हसू ओसरलं तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. अशा वेळी समुपदेशकाने एक शब्दही बोलू नये, आणि ते न बोलणं शिकायला मला बरीच वर्षं लागली.

"मग दुखलं काय?" मी शेवटी विचारलं.

"सात जण हसले त्यावर. भाचे, पुतणे. ती हसरी चित्रं टाकतात ना, तशी."

"आणि भाऊ?"

"तो नाही हसला." बऱ्याच वेळाने पुढे म्हणाले, "फोनही केला होता त्याने. दोनदा. मी उचलला नाही."

माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, ही त्यांची समाजाबद्दलची मुख्य तक्रार होती. ती मी त्यांना आठवून दिली नाही. त्यांची त्यांनाच आठवली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो लपवत नाही. घटना माणसाला तितकं छळत नाही, जितका तिच्यामागे धरलेला हट्ट छळतो. 'चारचौघांत माझा मान राहिलाच पाहिजे, नाहीतर मी कोणीच नाही,' हा यांचा हट्ट. ग्रुपने तो निर्माण केला नव्हता, तो फार जुना होता. ग्रुपने चारचौघांचे चाळीस जण केले, एवढंच.

पण हे 'एवढंच' लहान नाही, आणि या प्रकरणातून मला जे उमगलं ते हेच. दोन भावांचं भांडण चाळीस जणांसमोर झालं की त्याची कुस्ती होते. मागे सरणं म्हणजे हरणं ठरतं आणि प्रत्येक इमोजी गुण देत जातो. त्यात आवाजाचा सूर नाही, डोळ्यांतला मिश्कीलपणा नाही. बोललेला शब्द विरून जातो, लिहिलेला राहतो. यांनी तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता आणि झोपण्यापूर्वी तो वाचत होते. एकदाच झालेला अपमान रोज रात्री नव्याने होत होता. झोप लागणार कशी?

मी एकच अट घातली. स्क्रीनशॉट ठेवा किंवा पुसा, तुमची मर्जी. पण उघडण्याआधी भावाला फोन लावायचा.

एका भेटीत पत्नीही आल्या होत्या. त्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त हवं होतं, तेव्हा याच ग्रुपवरून एका संध्याकाळीत रक्तदाते मिळाले होते, आणि निरोप पसरवायला रात्री जागला होता तो हाच भाऊ. गृहस्थांच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात ही नोंदच नव्हती. चांगलं झालेलं आपण माणसांच्या खात्यावर टाकतो आणि वाईट झालेलं माध्यमाच्या, म्हणून हा हिशेब कधी जुळतच नाही.

तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते ते असं. मतभेद सर्वांसमोर सुरू झाला तरी दुसरं वाक्य तिथे लिहू नका, फोन करा. ज्या मजकुरावर दुहेरी बाण दिसतो तो तुमच्यापर्यंत येण्याआधी अनेक हातांतून गेलेला असतो. व्हॉट्सअॅपने एप्रिल 2020 पासून असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आहे. यंत्र एवढं थांबतं, तर आपणही जरा थांबावं. रागाच्या भरात ग्रुप सोडणं म्हणजे संयम नव्हे, तेही एक उत्तरच असतं, आणि तेही लपून राहत नाही. मुलांच्या बाबतीत तासांवरून वाद घालण्याआधी त्या तासांनी काय हिरावलं ते पाहा. झोप, खेळ की समोरासमोरची मैत्री? काहीच हिरावलं नसेल, तर थोडा धीर धरा.

गृहस्थांनी फोन केला. तो भावजयीने उचलला, म्हणून पहिलं बोलणं तिच्याशीच झालं, आणि ते बरंच झालं. दोघा भावांची राजकीय मतं आजही जुळत नाहीत. फोनवर आवाज चढतात, असं पत्नी सांगतात. झोप मात्र सुधारली आहे.

ग्रुपमध्ये परत जाऊ का, असं त्यांनी शेवटच्या भेटीत विचारलं. तिथे जाऊन काय करायचंय, मी विचारलं.

"पुतणीला मुलगा झालाय. त्याचे फोटो येतात म्हणे रोज."

मग जा, म्हटलं.